धामणगावच्या पंसाऱ्याकडचा चीन

वऱ्हाडात धामणगावे पुष्कळ आहेत. अचलपूरच्या बाजूला धामणगाव गढी आहे, बुलढाण्यात धामणगाव बढे आहे. आमच्या गावाच्या नावाला मात्र ‘रेल्वे’ हा शब्द आडनावासारखा चिकटला आहे. एस.टी.च्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर सगळीकडे धामणगाव रेल्वे. मुंबईहून नागपूरकडे जाताना बडनेरा मागे पडले की चांदूर रेल्वे लागते, मग धामणगाव, आणि पुढे वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. १८६७ साली हा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला. यवतमाळ सुमारे पंचेचाळीस किलोमीटर दूर. त्या गावाला जवळचे मोठे स्टेशन आमचेच, म्हणून तिकडचा मालही इथेच चढायचा-उतरायचा.

कापसाने या गावाला पैसा दिला, बाजारपेठ दिली, शाळा-कॉलेजे दिली. त्याच्या जोडीला खोकलाही दिला. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या येऊ लागतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि बारीक तूस हवेत उडत राहते. त्यातच पहाटेची थंडी सुरू होते. जानेवारीत आमच्या वर्गात हजेरी घेताना ‘हाजिर’ या शब्दाआधी खोकला ऐकू येतो. एकाला झाली की बाकावरच्या चौघांना होते. घरी गेल्यावर आई किंवा दादी चुलीवर किंवा गॅसवर भांडे ठेवते आणि घरभर एक ओळखीचा वास पसरतो. तो वास जोशांद्याचा.

आमच्या घरांत जोशांदा म्हणतात, शेजारच्या घरांत काढा म्हणतात. बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानात, ज्याला आम्ही पंसाऱ्याचे दुकान म्हणतो, याच गोष्टीवर एकदा आम्ही विचारले तेव्हा दुकानातले काका हसून म्हणाले, “सर, काढा मागा नाहीतर जोशांदा मागा. नावं दोन, पुडी येकच.” अगदी एकच नसते, पण काकांच्या बोलण्यात तथ्य आहे. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवत असल्याने आम्हाला शब्दांचा मागोवा घ्यायची सवय आहे. त्या पुडीवरची नावे वाचत गेलो आणि धामणगावच्या बाजारातून फार लांबवर जाऊन पोहोचलो.

आधी पुडी उघडून पाहू. नजला-जुकामाच्या जुन्या युनानी नुस्ख्यात साधारणपणे ही मंडळी असतात : उन्नाब, सपिस्ताँ, बेहदाना, गुले बनफ्शा, खत्मी, खुब्बाजी, गावजबान आणि मुलेठी. नावे परकी वाटतात, पण त्यातली काही आपल्या ओळखीचीच आहेत. सपिस्ताँ म्हणजे भोकर. कच्च्या भोकरांचे लोणचे आपण खातो, वाळलेली भोकरे हकीम खोकल्याला देतात. मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध. उन्नाब हा आपल्या बोराचा परदेशी भाऊ, लाल, सुरकुतलेला आणि गोड. बेहदाना हे बिहीच्या फळाचे बी आहे, ते काश्मीरकडून येते. पाण्यात टाकले की त्याभोवती बुळबुळीत चीक जमतो. बनफ्शाची जांभळी फुलेही हिमालयाच्या कुशीतली.

यांतल्या बऱ्याच वस्तूंचा गुण एकच आहे. भोकर, बेहदाना, खत्मी, खुब्बाजी या सगळ्यांतून तो चिकट, मऊ चीक निघतो. तो खवखवणाऱ्या घशावर पातळ लेप धरतो आणि कोरड्या खोकल्याची ढास थोडी कमी होते. ज्येष्ठमध गोडवा देते आणि घसा ओला ठेवते. गरम पाणी आणि वाफ कफ पातळ करतात. वस्तू मोजून घालायची पद्धतही जुनी आहे : उन्नाब पाच दाणे, सपिस्ताँ नऊ दाणे, बेहदाना तीन ग्रॅम. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाची चाहूल लागली तेव्हा केंद्राच्या आयुष मंत्रालयाने युनानीसाठी जी सूचना काढली तिच्यातही हेच तीन घटक आणि हेच आकडे होते. आमच्या ओळखीच्या एका नानीने ते ऐकून एवढेच म्हटले होते, “ये तो हम कब से दे रहे हैं.”

शब्दांकडे वळू. ‘जोशांदा’ हा फारसी शब्द. ‘जोश’ म्हणजे उकळी, म्हणून जोशांदा म्हणजे उकळलेले. नुसते भिजवून गाळले तर ते खेसांदा. ‘नजला’ अरबी. ‘नुजूल’ म्हणजे उतरणे, हा शब्द आपल्या वाचकांना दुसऱ्या, अधिक पवित्र संदर्भात चांगला माहीत आहे. जुन्या हकिमांची समजूत अशी की मेंदूतला ओलावा नाकात आणि छातीत उतरतो, म्हणून तो नजला. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘कॅटार’ हा शब्दही ग्रीक भाषेतून आला आणि त्याचाही अर्थ खाली वाहणे असाच आहे. युनानी म्हणजे ग्रीक, हे नाव उगीच पडलेले नाही.

पण काकांच्या फळीवर ग्रीस आणि इराणपेक्षाही एक नाव जास्त वेळा दिसते. दालचिनी. रेवाचिनी. चोपचिनी. कबाबचिनी. बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर ‘चिनी’ पुन्हा पुन्हा येते. दालचिनी हा मूळचा फारसी ‘दारचिनी’, म्हणजे चीनचे लाकूड. चोपचिनीतल्या ‘चोब’चा अर्थही लाकूडच. रेवाचिनी म्हणजे चीनकडची रेवंद. कबाबचिनी खरी जावा बेटाकडची, पण चिनी मालाच्या वाटेवरून आली म्हणून तिलाही तेच आडनाव मिळाले असावे. आमच्या गावाला ‘रेल्वे’ चिकटले तसे या औषधांना ‘चिनी’ चिकटले. जिथून माल आला, ते नाव राहिले.

ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, अशा अर्थाचे एक वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. मुहद्दिसीन त्याची सनद कमजोर मानतात, म्हणून आम्ही ते हदीस म्हणून लिहीत नाही. पण आपल्या लोकांनी चीनकडून खरोखर ज्ञान घेतले याला इतिहासात दाखले आहेत. इराणमधल्या तबरेज शहरात रशीदुद्दीन नावाचे वजीर होते. ते स्वतः हकीम होते. इ.स. १३१३ च्या सुमारास त्यांच्या देखरेखीखाली चिनी वैद्यकाचा फारसीत अनुवाद झाला. ‘तन्सूकनामा’ या नावाने तो ग्रंथ ओळखला जातो आणि त्यात नाडीपरीक्षेवर मोठा भाग आहे. मंगोलांच्या स्वाऱ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या मुलुखात एक मुसलमान वजीर चिनी वैद्यांचे ग्रंथ समजून घेत होता, हे आठवून आम्हाला नेहमी नवल वाटते.

दुसरा दाखला आपल्या दख्खनच्या जवळचा आहे. सोळाव्या शतकात गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची मैत्री होती आणि तो त्याच्यावर उपचारही करी. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हिंदुस्थानातल्या औषधींची माहिती संवादरूपाने लिहिली. त्यात चोपचिनीवर एक वेगळे प्रकरण आहे. त्या काळी फिरंगरोगावर, म्हणजे गरमीच्या रोगावर, हे मूळ चीनहून जहाजाने येई. त्याच शतकात इराणचे हकीम इमादुद्दीन शिराझी यांनी चोपचिनीवर स्वतंत्र रिसाला लिहिला, आणि आपल्याकडच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ती ‘द्वीपांतर वचा’ या नावाने आली. पोर्तुगीज, इराणी आणि हिंदी अशा तिघांनी एकच चिनी मूळ हातात घेतले आणि आपापल्या भाषेत त्याची नोंद केली. औषधाला धर्म नसतो असे आपण सहज म्हणतो, इथे ते कागदावर लिहिलेले सापडते.

आता खुद्द चीनमध्ये सर्दी-पडशाला काय देतात ते पाहू, कारण ते वाचताना आम्हाला आमच्याच घरातला जोशांदा आठवला.

सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये झांग झोंगजिंग नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती. दहा वर्षांच्या आत त्यांतली दोन तृतीयांश माणसे मेली, आणि मेलेल्यांतली दहापैकी सात थंडी बाधून येणाऱ्या तापाने गेली, असे त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्या दुःखातून त्यांनी ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ लिहिला. शांगहान म्हणजे थंडीची बाधा. सर्दी, ताप आणि खोकल्याच्या चिनी नुस्ख्यांचा तो आजही पाया आहे.

त्यातला पहिला नुस्खा ‘ग्वेझी तांग’. ‘तांग’ म्हणजे उकळलेले पाणी किंवा सूप, म्हणजे आपला जोशांदाच. त्यात पाच वस्तू आहेत : दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पांढऱ्या पियोनीचे मूळ, ज्येष्ठमध, आले आणि वाळलेली लाल बोरे. ही लाल बोरे म्हणजे तंतोतंत आपला उन्नाब, एकाच झाडाचे फळ. चिनी ज्येष्ठमध आपल्या ज्येष्ठमधाची सख्खी बहीण. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुतेक वेळा त्याच चिनी झाडाच्या जातीची असते. आले तर आले. म्हणजे पाचांतल्या चार वस्तू धामणगावच्या बाजारात मिळतात. उरलेल्या पियोनीच्या कुळातले ऊद सलीब युनानीत आहे, पण हकीम ते मिरगीवर वापरतात, सर्दीवर नाही.

नुस्ख्याबरोबर झांग यांनी पथ्यही सांगितले आहे. औषध घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ भाताची पेज प्यावी, अंगावर पांघरूण घ्यावे, हलका घाम येऊ द्यावा, आणि कच्चे, थंड, तेलकट खाऊ नये. आमच्याकडे ज्वारीच्या गरम कण्या किंवा कोंबडीची यखनी देतात, गोधडीत गुंडाळतात आणि दही-लोणचे बंद करतात. ज्या बायांनी चीन नकाशावरही पाहिला नाही, त्या अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्याच्या पथ्यावर चालत आहेत.

निदानाची रीतही जुळते. चिनी वैद्य सर्दीचे दोन मुख्य प्रकार करतात. एक थंड वाऱ्याची : हुडहुडी भरते, नाकातून पाणी वाहते, अंग दुखते. दुसरी उष्ण वाऱ्याची : घसा लाल होतो, ताप चढतो, कफ पिवळा होतो. पहिलीला दालचिनी-आल्यासारखी ऊब देणारी औषधे, दुसरीला हनीसकल या फुलांसारखी थंड औषधे. हनीसकलचा ‘यिन च्याव’ हा प्रसिद्ध नुस्खा वू जुटोंग यांच्या १७९८ सालच्या ग्रंथात आहे. आमचे हकीमसुद्धा विचारतात, नजला ‘हार’ आहे की ‘बारिद’, गरम की थंड? मगच मिजाज पाहून बनफ्शा द्यायचा की दारचिनी, हे ठरवतात. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली पुडी आपल्याला पडेलच असे नाही, हे दोन्हीकडचे जाणते सांगत आले.

इथपर्यंत सगळे गोड वाटते. पण झांग यांच्याच ग्रंथात दुसरा एक नुस्खा आहे, ‘माहुआंग तांग’. दम्यासारखी धाप आणि बंद नाक यांवर तो देत. त्यातली मुख्य वनस्पती माहुआंग, म्हणजे इफेड्रा. १८८५ मध्ये जपानचे नागाई नागायोशी यांनी तिच्यातून इफेड्रिन वेगळे काढले आणि १९२० च्या दशकात पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचा अभ्यास करून ते जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. नाक मोकळे करणाऱ्या अनेक गोळ्यांत आज त्याचेच भावंड असते. मात्र हीच वनस्पती हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. वजन कमी करण्याच्या गोळ्यांतून लोक ती बेसुमार घेऊ लागले तेव्हा अमेरिकेने २००४ मध्ये अशा गोळ्यांवर बंदी घातली. झाडपाल्याचे आहे म्हणजे अपाय नाही, हा समज इथे मोडतो. ज्यात गुण करण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही असू शकते.

आपल्याकडचे उदाहरणही असेच बोलके आहे. शेताच्या कुंपणाला लावलेला अडुळसा सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवर शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन तयार केले आणि त्यावरून पुढे अँब्रोक्सॉल आले. डॉक्टर कफ पातळ करायला जे सिरप लिहून देतात, त्यांतल्या बऱ्याच सिरपांच्या लेबलावर ही नावे असतात. म्हणजे औषधांच्या दुकानातली बाटली आणि कुंपणावरचे झाड यांचे नाते आहे. पण हे नाते कुणीतरी तपासले म्हणून कळले. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात, ज्याचे उद्घाटन १९२१ मध्ये महात्मा गांधींनी केले, याच तपासणीचा आग्रह धरला. डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या आठवणीत त्याला ‘अजमलीन’ नाव दिले. वारशाचा मान राखण्याची ही रीत आम्हाला सर्वांत पटते. वारसा डोळे मिटून प्यायचा नसतो, तो पारखून घ्यायचा असतो.

मग जोशांदा पारखल्यावर काय उरते? साधे पडसे विषाणूंमुळे होते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. त्याला मारणारे औषध ना हकिमाकडे आहे, ना डॉक्टरकडे. अँटिबायोटिकचाही तिथे उपयोग नाही. या आठवडाभरात घशाला आराम, झोप, गरम पाणी आणि घरच्यांची माया मिळाली की पुरते. जोशांदा हे काम चांगले करतो. तेवढेच त्याचे काम आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर सिरपपेक्षा गरम पाणी बरे, असे म्हणायची वेळ नुकतीच आली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे सिरप घेतल्यावर वीसहून अधिक मुले दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले, त्याने मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची सिरपे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. त्या दिवसांत आमच्या शाळेतल्या पालकांची बोलणी ऐकली. पुष्कळ जण म्हणत होते, आता फक्त जोशांदा. सिरप टाळण्याची काळजी योग्यच होती. पण ‘फक्त’ या शब्दाने आमच्या मनात धस्स झाले, कारण आम्हाला एक मुलगी आठवली.

ती आमच्या नववीच्या वर्गात होती. हुशार आणि अबोल. डिसेंबरात खोकला सुरू झाला. जानेवारी संपला तरी थांबेना. ओढणी तोंडावर धरून खोकायची. गणवेश सैल पडू लागला. आम्ही घरी गेलो तेव्हा दादीने खाटेवर बसायला जागा दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, “अजी सर, सर्दी ही तो है. जोशांदा चालू है.” घरातली माणसे निष्काळजी नव्हती. रोज सकाळ-संध्याकाळ मोजून दाणे घालून ती पुडी उकळत होती. मुलीचे वडील जिनिंगमध्ये हंगामी कामाला होते, त्यांनाही खोकला होता आणि तो कापसाच्या तुसाचा आहे असे सगळे धरून चालले होते. उठताना आईने दारापर्यंत येऊन हळूच सांगितले, “लड़की का मामला है. सरकारी दवाखाने में नाम लिख गया, तो कल रिश्ता कौन लाएगा?”

खरी अडचण त्या वाक्यात होती. जोशांदा औषध म्हणून नव्हे, पडदा म्हणून उकळत होता. आम्ही वाद घातला नाही. दादींना एवढेच विचारले, “दादी, अल्लाहने हर बीमारी का इलाज रखा है, ये आप ही बच्चों को सिखाती हैं ना? तो इलाज ढूंढना भी तो हमारे ही जिम्मे आया.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दोन दिवसांनी मुलगी आणि तिचे वडील दोघेही तपासणीला गेले. वडिलांचा खोकला तुसाचाच निघाला. मुलीच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. सहा महिने गोळ्या चालल्या, पूर्ण झाल्या, आणि ती बरी झाली. औषध सुरू असतानाही दादी तिला कधीतरी बेहदाना उकळून देत असत. डॉक्टरांना विचारून देत असत, हा फरक महत्त्वाचा.

म्हणून वाचकांना, विशेषतः घरातल्या माता-भगिनींना आणि दादी-नानींना, काही गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी ताप येत असला, वजन उतरत असले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर पुडी बाजूला ठेवून सरकारी दवाखाना गाठावा. थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे तिथे मोफत मिळतात. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय योजनेतून पैसेही बँकेत जमा होतात. पूर्वी ते महिना पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. औषध पूर्ण घेतले तर क्षय बरा होतो. लपवला तर तो त्याच घरातल्या लहानग्याकडे जातो.

लहान मूल आजारी असेल तर ते शांत असताना त्याचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त श्वास होत असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तिथे एक रात्रही थांबू नये.

एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यात असू शकणारे जंतू बाळाच्या आतड्यांत वाढून त्याला लुळे करू शकतात. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊ नये, जास्त दिवस घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. मधुमेह असलेल्यांनी लऊक आणि शरबत घेताना त्यात साखर किती आहे ते पाहावे. पुडी ओळखीच्या दुकानातून, कोरडी, बुरशी नसलेली घ्यावी. आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने नाका-तोंडावर कापड किंवा मास्क बांधावा. सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर ते कापसाच्या तुसाच्या आजाराचे लक्षण आहे. त्यावर जोशांद्याने भागत नाही, डॉक्टरला दाखवावे.

एवढे सांगून पुन्हा बाजाराकडे वळतो. धामणगाव आता बदलले आहे. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, गाड्या नागपूरहून शिर्डीकडे सुसाट धावतात. औषधांची दुकाने वाढली. काकांच्या फळीवरच्या बरण्या मात्र अजून आहेत. थंडीत सकाळी तिथे गर्दी असते : पगडीवाले शेतकरी, बुरखा घातलेल्या बाया, तळेगाव दशासरहून आणि मंगरूळ दस्तगीरहून आलेली माणसे. कुणी काढा मागते, कुणी जोशांदा. काका त्याच बरण्यांतून मूठ काढतात. काश्मीरचा बेहदाना, डोंगरातला बनफ्शा, चीनचे नाव असलेली दालचिनी, आपल्याच शिवारातली भोकरे, सगळी एका कागदात बांधली जातात.

मागच्या थंडीत काकांनी पुडी बांधता बांधता एका बाईला विचारले, “किती दिवस झाले खोकल्याले?” ती म्हणाली, “महिना झाला.” काकांनी पुडी बांधून दिली, पैसे घेतले आणि मग म्हणाले, “बाई, हे घ्या, घसा सुकणार नाही. पन आज दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून या. तिथं पैसे लागत नाही.”